अर्धा श्लोक

आजचं वाचन: भगवद्गीता, अध्याय सहावा, श्लोक १६ आणि १७



आजचे दोन श्लोक तुमच्यापैकी बऱ्याच जणांना पाठ असतील. ध्यानाला कुठे बसावं, आसन कसं घालावं, नजर कुठे ठेवावी हे सगळं सांगून झाल्यावर भगवंत एकदम जेवणावर येतात. जो फार खातो त्याला योग साधत नाही, जो काहीच खात नाही त्यालाही नाही. जो फार झोपतो त्याला नाही, जो जागतच राहतो त्यालाही नाही. आणि लगेच पुढच्या श्लोकात सांगतात, ज्याचं खाणं, हिंडणं-फिरणं, काम, झोप आणि जाग मापात आहे, त्याचा योग त्याचं दुःख घालवतो. साधी, घरातल्या मोठ्या माणसाने सांगावी तशी गोष्ट.

या श्लोकांवर लिहायचं मी बरेच दिवस टाळत होतो. कारण गेल्या वर्षी हाच श्लोक मी एका माणसाला दगडासारखा फेकून मारला.

आधी माझी गोष्ट सांगतो. मी ३४ वर्षांचा. हिंजवडीत बॅकएंडचं काम, म्हणजे दिवसाचे दहा तास खुर्चीत. दोन वर्षांपूर्वी कंपनीतर्फे वार्षिक तपासणी झाली. उंची १७० सेंटीमीटर, वजन ८८ किलो, कंबर १०२ सेंटीमीटर. एचबीएवनसी ६.१, म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. सोनोग्राफीत लिव्हरवर चरबी. डॉक्टरांनी रिपोर्टवर पेन टेकवून विचारलं, ‘घरात कोणाला शुगर?’ मी म्हटलं, बाबांना, आजीला, दोन्ही काकांना. ते म्हणाले, ‘मग तुम्ही रांगेतच उभे आहात.’

मी घाबरलो आणि कामाला लागलो. अकरा महिन्यांत १४ किलो वजन उतरवलं. रात्रीचं बाहेरून मागवणं बंद, चहातली साखर बंद, भाताची वाटी अर्धी, ताटात डाळ-उसळ आणि भाजी जास्त, संध्याकाळी पाऊण तास चालणं. आता बघा, यात वाईट काहीच नाही. वाईट नंतर झालं. वजन उतरलं आणि डोक्यात काहीतरी चढलं. ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये लोकांच्या ताटात डोकावायची सवय लागली. ‘हे वडे तू रोज खातोस?’ असं मी अगदी प्रेमाने विचारायचो. (प्रेमाने विचारतोय असं मला वाटायचं.)

आमचं रविवार सकाळचं गीतावाचन असतं. कोथरूडमध्ये एकाच्या फ्लॅटवर आम्ही बारा-पंधराजण जमतो, एक अध्याय किंवा त्याचा तुकडा वाचतो, कोणीतरी त्यावर बोलतं, मग प्रसाद. प्रसाद बहुतेक वेळा ताई करतात. ताई म्हणजे आमच्यातल्या सगळ्यात मोठ्या, पंचेचाळीसच्या आसपास, अंगाने भारी. त्यांच्या शिऱ्यासाठी येणारे लोकही आमच्यात आहेत हे मान्य करायला हरकत नाही. तर सहावा अध्याय आला आणि सोळाव्या श्लोकावर बोलायची पाळी माझी होती. मी तयारी जोरात केली होती. आकडे काढून आणले होते. आणि बोलता बोलता मी म्हणालो की, जो अति खातो त्याला भगवंतांनी योगाचं दारच बंद केलंय, शरीर हे त्यांचं मंदिर आहे, आणि मंदिराची अशी अवस्था करून वर नामस्मरण करण्यात काय अर्थ? हे म्हणताना माझी नजर ताईंकडे गेली. मुद्दाम गेली की आपोआप, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलंय. खोलीतल्या सगळ्यांना ती दिसली, एवढं खरं.

ताई काही बोलल्या नाहीत. प्रसाद वाटला. स्वतः घेतला नाही. पुढचे तीन रविवार त्या आल्या नाहीत.

चौथ्या आठवड्यात मी फोन केला. माफी मागायला केला असं म्हणायला आवडेल, पण खरं म्हणजे मी ‘काही गैरसमज झाला असेल तर’ या थाटात बोलत होतो. ताईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, ‘अरे, तू अर्धाच श्लोक वाचलास.’

मला पटकन कळलंच नाही. मग त्यांनी सांगितलं. एकविसाव्या वर्षी लग्न ठरवताना मुलाकडच्यांनी ‘जरा कमी करा’ म्हटलं होतं, तेव्हा त्यांनी दोन महिने जवळजवळ उपाशी राहून अकरा किलो कमी केले. बाळंतपणानंतर परत वाढलं. परत डाएट. थायरॉइड निघालं. अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंचं सहा वर्षं रात्रीत तीन-तीनदा उठून केलं, त्यात झोप गेली. प्रत्येक वेळी उपाशी राहून उतरवलेलं वजन थोडं व्याज घेऊन परत आलं. ‘अति खाणारी तुला दिसली,’ त्या म्हणाल्या, ‘अजिबात न खाणारी दिसली नाही. जागणारीही दिसली नाही. त्या श्लोकात चारही जणी आहेत रे, आणि चारही मीच आहे.’

फोन ठेवल्यावर मी श्लोक परत वाचला. खरंच की. मी चारातला एक पाय उचलला होता आणि त्याच्यावर अख्खं टेबल उभं केलं होतं.

तर आजचा प्रश्न हा: लठ्ठपणा हे पाप आहे का? नसेल, तर त्याबद्दल बोलायचं कसं? कारण न बोलून चालणार नाही, हेही तितकंच खरं आहे.

न बोलून का चालणार नाही, ते आधी सांगतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातल्या २४ टक्के स्त्रिया आणि जवळपास २३ टक्के पुरुषांचं वजन जास्त निघालं. आधीच्या फेरीत हेच आकडे साधारण २१ आणि १९ होते. पाच वर्षांखालच्या मुलांमध्ये जास्त वजनाचं प्रमाण २.१ वरून ३.४ टक्क्यांवर गेलं. आणि त्याच पाहणीत, त्याच वयाची ३५.५ टक्के मुलं वयाच्या मानाने खुजी आहेत, म्हणजे त्यांना पुरेसं पोषणच मिळालेलं नाही. अति आणि अजिबात नाही, दोन्ही एकाच देशात, कधीकधी एकाच घरात. आयसीएमआरच्या २०२३ च्या अभ्यासाने देशात १० कोटींहून जास्त मधुमेही आणि साडेतेरा कोटींच्या वर लोक उंबरठ्यावर असल्याचा अंदाज दिला. मीही त्या साडेतेरा कोटींतला.

आता ‘पाप’ म्हणायचं का, याकडे येतो. इथे मला अठराव्या अध्यायाचा आधार सापडला. चौदाव्या श्लोकात कुठलंही कर्म घडायला पाच कारणं सांगितली आहेत: अधिष्ठान म्हणजे शरीर, कर्ता, वेगवेगळी करणं म्हणजे साधनं, निरनिराळ्या हालचाली, आणि पाचवं दैव. आणि पुढे सोळाव्यात म्हटलंय की असं असताना जो फक्त स्वतःलाच कर्ता समजतो त्याला काही दिसतच नाही.

आम्ही ऑफिसमध्ये रात्री सर्व्हर पडला की दुसऱ्या दिवशी बसून त्याची कारणं शोधतो. पहिला नियम असा की ‘कोणी केलं’ विचारायचं नाही, ‘काय काय जुळून आलं’ ते विचारायचं. याला आम्ही ब्लेमलेस पोस्टमॉर्टेम म्हणतो. नाव अशुभ आहे, पद्धत चांगली आहे. दोष देत बसलं की लोक माहिती लपवतात आणि खरं कारण हाती लागत नाही, हा अनुभव आहे. मला अठरावा अध्याय वाचताना वाटलं, हे आपल्याकडे आधीच लिहून ठेवलंय, पाच कॉलमसकट.

मग मी माझेच कॉलम भरायला घेतले.

अधिष्ठान. आपल्या लोकांचं शरीरच थोडं वेगळं आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडचे डॉ. जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४ साली लॅन्सेटमध्ये छापून आला होता. दोघांचाही बीएमआय सारखाच, २२.३. पण मोजल्यावर युडकिन यांच्या अंगात ९.१ टक्के चरबी आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. दिसायला दोघेही सडसडीत! म्हणूनच आपल्यासाठी बीएमआय २३ च्या वर जास्त आणि २५ पासून लठ्ठ धरतात, पाश्चात्त्य देशांत हे आकडे २५ आणि ३० आहेत. कंबर पुरुषांची ९० आणि स्त्रियांची ८० सेंटीमीटरच्या आत हवी. (या हिशोबाने १४ किलो उतरवूनही माझा बीएमआय २५.६, म्हणजे मी अजून लठ्ठच. उपदेश करत होतो तेव्हाही होतो.)

दैव. याज्ञिकांच्याच गटाने १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांत गर्भवती मातांचा अभ्यास केला. तिथली बाळं जन्मताना इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा बरीच हलकी, पण अंगातली चरबी त्या मानाने टिकून राहिलेली. स्नायू कमी, चरबी जास्त. म्हणजे पोटात असताना आईला काय मिळालं, याचाही हिशोब मोठेपणी कंबरेत लिहिला जातो. ताईंच्या आईला काय मिळालं होतं, हे त्या वाचनाच्या दिवशी मला कुठे माहीत होतं?

करणं आणि चेष्टा, म्हणजे साधनं आणि रोजच्या हालचाली, हे कॉलम भरताना मात्र लाज वाटली. माझी बायको वेगळा स्वयंपाक करत होती. सोसायटीत चालायला ट्रॅक आहे. मॅनेजरने सहा वाजता उठून जायला परवानगी दिली होती. आहारतज्ज्ञाची फी परवडत होती. रात्री सात तास झोप मिळत होती, आणि झोप कमी पडली की भूक वाढते हे आता सिद्ध आहे. ताईंना यातलं काय मिळालं होतं? १४ किलो ‘मी’ उतरवले असं मी सगळीकडे सांगत होतो. पाचातला एक कॉलम माझा होता.

पण इथे गाडी थांबवून चालणार नाही, कारण दुसऱ्या टोकाला घसरणंही सोपं आहे. ‘सगळं दैव, सगळी जीन्स, सगळी कंपन्यांची जाहिरातबाजी’ म्हणून ताट भरून घ्यायचं. याच सहाव्या अध्यायात, पाचव्या श्लोकात, आपणच आपला मित्र आणि आपणच आपला शत्रू असं सांगितलंय. पाच कारणांत कर्ता एकच आहे, पण आहे. त्याला यादीतून काढलेलं नाही.

आणि तो कर्ता किती दुबळा असतो, हे अर्जुनाला चांगलं माहीत होतं. तिसऱ्या अध्यायात तो विचारतो की माणसाची इच्छा नसतानाही, कोणी जबरदस्तीने ढकलल्यासारखा, तो चुकीचं का वागतो? रात्री अकरा वाजता पोट भरलेलं असताना डिलिव्हरीचं अ‍ॅप उघडून बसलेल्या प्रत्येकाचा हाच प्रश्न आहे. भगवंत त्याला ‘तू वाईट आहेस’ असं उत्तर देत नाहीत. शत्रू कोण ते सांगतात, आणि तो कुठे दडून बसतो तेही: इंद्रियं, मन, बुद्धी. पत्ता सांगतात. मला यात फार माया वाटते. आणि दुसऱ्या अध्यायातला एकोणसाठावा श्लोक तर प्रत्येक डाएट करणाऱ्याने वाचावा. निराहार राहिल्याने विषय दूर होतात, पण त्यांची गोडी आत शिल्लक राहते. ताईंचे अकरा किलो परत का आले, त्याचं अर्धं कारण इथे आहे. उरलेलं अर्धं शरीरशास्त्रात, उपाशी ठेवलेलं शरीर खर्च कमी करतं आणि भूक वाढवतं.

मग ‘युक्त’ म्हणजे काय? ज्ञानेश्वर महाराजांनी या श्लोकावर लिहिताना अन्न घ्यावं पण युक्तीच्या मापाने मोजून, असा अर्थ सांगितलाय. माप, म्हणजे बंदी नाही. पण आपल्या घरांत माप मोडायच्या सगळ्या सोयी आपण धर्माच्याच नावाने करून ठेवल्यात, हे बोलायला हवं.

एकादशीच घ्या. उपवास म्हणून साबुदाण्याची खिचडी. एका माणसाच्या ताटात ७५ ग्रॅम साबुदाणा, मूठभर दाण्याचं कूट, चमचाभर तूप धरलं तर साडेपाचशे कॅलरी होतात, बटाटा आणि सोबतचे वेफर्स वेगळे. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च. माझ्या एकादशीच्या दिवशी माझं खाणं इतर दिवसांपेक्षा जास्त व्हायचं, हे मी मोजून पाहिलंय. आता वरई किंवा राजगिरा, दही, काकडीची कोशिंबीर, एखादं फळ एवढंच घेतो. कधी नुसतं ताक.

किंवा ताटात अन्न टाकायचं नाही, हा संस्कार. उत्तम संस्कार. पण वाढणारा वेगळा आणि संपवणारा वेगळा असला की त्याची शिक्षा होते. लग्नाच्या पंगतीत जिलबीचा आग्रह करणारे काका आठवा. पानात टाकलेली जिलबी कचऱ्यात गेली तर ती वाया, आणि नको असताना पोटात गेली तर ती कारणी लागली, असं आपण का मानतो? दोन्हीकडे वायाच गेली, फरक इतकाच की दुसरीकडे ती आपण अंगावर घेऊन फिरतो. लहान मुलांच्या बाबतीत तर हे जपायलाच हवं. त्याला ‘संपव’ म्हणण्याआधी कमी वाढा, लागलं तर परत वाढा. आमच्या घरी आता पोरगी स्वतः वाढून घेते. चार वर्षांची आहे, अंदाज माझ्यापेक्षा बरा आहे.

आईचं मात्र अवघड आहे. सांगलीला गेलो की ती दारातच म्हणते, ‘वाळलास रे.’ तिच्या भाषेत तुपाची धार म्हणजे ‘मला तुझी आठवण येते’. तिला कॅलरी सांगून काय उपयोग? पहिल्यांदा मी हात आडवा धरला तेव्हा तिचा चेहरा पडला. आता मी तिच्याबरोबर स्वयंपाकघरात उभा राहतो, तिच्याकडून शेपूची भाजी आणि कुळथाचं पिठलं शिकतो. आठवण पोचते, तूपही चमचाभर पोचतं.

आणि प्रसाद? प्रसाद नाकारावा का, हा प्रश्न मला आपल्यातल्या बऱ्याच जणांनी विचारलाय. प्रसाद हातावर मावेल एवढा घ्यायचा अशी जुनी पद्धत आहे. आपण तो बाऊलमध्ये घ्यायला लागलो तेव्हा त्याचं डेझर्ट झालं. रवा, साखर, तूप सारख्या मापाने घातलेला शिरा ही चाखायचीच गोष्ट आहे. जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला वरून घातलेली साखर दिवसाला शक्यतो २५ ग्रॅमच्या आत ठेवा असा आहे, म्हणजे सगळं मिळून पाच-सहा छोटे चमचे. दोन कप चहातच त्यातली बरीच संपते. हातावरचा प्रसाद त्यात बसतो, बाऊल बसत नाही.

हे सगळं मी तुम्हाला सांगतोय. ताईंना सांगितलेलं नाही, आणि तो फरक मला उशिरा कळला. समोर बसलेल्या एकाकडे बघून जे बोललं जातं, त्यात त्याच्या पाच कॉलमांपैकी चार आपल्याला कोरे दिसत असतात. सगळ्यांसाठी बोलावं, शाळेत बोलावं, कॅन्टीनच्या कमिटीत भांडावं, सोसायटीच्या गणपतीत प्रसादाला मोदकाबरोबर फळं ठेवा म्हणून सुचवावं. एकट्या माणसाशी बोलायचं तर त्याने विचारल्यावर, किंवा निदान त्याचं ऐकून घेतल्यावर. माझ्या डॉक्टरांनी मला आधी घरच्यांबद्दल विचारलं होतं. मी ताईंना काहीच विचारलं नव्हतं.

त्या फोननंतरच्या रविवारी मी सगळ्यांसमोर माफी मागितली. ‘काही गैरसमज झाला असेल तर’ हे शब्द न वापरता. ताई त्या दिवशीही आल्या नव्हत्या, कोणीतरी त्यांना सांगितलं असावं. पुढच्या आठवड्यात त्या आल्या. शिरा आणला होता. डबा नेहमीपेक्षा लहान होता की नेहमीचाच, ते मी बघितलं नाही, म्हणजे बघायचं नाही असं ठरवलं होतं. चमच्याने माझ्या तळहातावर ठेवत त्या म्हणाल्या, ‘सतराव्या अध्यायात आहाराचे तीन प्रकार येतात. तेव्हा तू बोलणारेस का परत?’

मी म्हटलं, ‘तुम्ही बोला.’

‘बोलेन. पण त्यात शरीराला छळणाऱ्या तपाचेही दोन श्लोक आहेत, आहाराच्या आधीच. तिथून सुरू करेन.’

पाचवा आणि सहावा. घरी येऊन बघितलं, बरोबर होतं. गेल्या महिन्यात त्या बोलल्या, पाऊण तास. थायरॉइडच्या गोळीपासून लग्नाआधीच्या उपासापर्यंत सगळं सांगितलं, आणि त्यानंतर आमच्यातल्या तिघांनी आपापल्या तपासण्या करून घेतल्या. माझ्या आकड्यांनंतर एकानेही केली नव्हती.

सध्या शनिवारी सकाळी साडेसहाला आम्ही पाच-सहाजण म्हातोबा टेकडीवर जातो. ताई निम्म्यापर्यंत येतात, तिथे एका दगडावर बसून जप करतात, आम्ही वर जाऊन येईपर्यंत. गेल्या खेपेला मीही त्यांच्याजवळ थांबलो. गुडघा दुखत होता.

उद्या श्लोक १८ आणि १९, वारा नसलेल्या जागेतल्या दिव्याचा दृष्टांत.

राम कृष्ण हरी.